माकड म्हणजे नेमकं कोण?

‘माकडांचा उच्छाद’ असा मथळा दिसला की मी विचारतो, कुठल्या माकडांचा? लोक हसतात. खरं तर यात हसण्यासारखं काही नाही.

डिसेंबर २०२१मधलं माजलगाव तालुक्यातल्या लवूळचं प्रकरण आठवा. कुत्र्यांची पिल्लं उचलून नेणारे ते वानर होते. काळं तोंड, राखाडी अंग, लांबलचक शेपूट. बातम्यांत मात्र ते कधी वानर, कधी माकड, आणि वर ‘गँगवॉर’ची फोडणी. आमच्या जाफराबादकडच्या शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. तो शिकलेल्यांना सांगावा लागतो.

माकडांतही पुन्हा दोन जाती आहेत. एक उत्तरेचं ऱ्हीसस : शेपूट आखूड, ढुंगणाकडचा भाग तांबूस. दुसरं बॉनेट : डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस, शेपूट अंगाएवढी किंवा त्याहून लांब. हे दुसरं दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच नाही. तापी आणि गोदावरीच्या आसपास या दोघांची हद्द मानली जायची. आता ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेट मागे हटतंय. त्यातच रस्ते रुंद करताना कडेचे वड-पिंपळ गेले. बॉनेटचं घर घनदाट जंगलापेक्षा याच झाडांवर, घाटांत, देवळांजवळ होतं. आययूसीएनच्या लाल यादीत ते आज ‘असुरक्षित’ आहे.

आपल्याला दुर्मीळ माकड म्हटलं की केरळातलं सिंहपुच्छ किंवा आसामातलं सोनेरी वानर आठवतं. त्यांचे फोटो आपण हौसेनं फॉरवर्ड करतो. नळाला तोंड लावून पाणी पिणारं, हातातली पिशवी हिसकावणारं माकड दुर्मीळ होऊ शकतं, हे मात्र पटत नाही.

कायद्याला हा फरक कळतो. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर ऱ्हीसस संरक्षित यादीतून बाहेर पडलं आणि बॉनेट पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे ‘माकडं पकडा’ हा ठराव एका जातीसाठी साधा बंदोबस्त आहे, तर दुसरीसाठी गंभीर गुन्हा ठरू शकतो. शिवाय पकडलेली माकडं दूर नेऊन सोडली की उत्तरेची जात आपणच दक्षिणेत पोचवतो.

पिकाचं नुकसान खरं आहे, भरपाई मिळालीच पाहिजे. पण तक्रारीत, ठरावात आणि बातमीत जात लिहा. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की प्रोग्राम चुकतो, आणि इथे त्या चुकीची किंमत एक अख्खी जात मोजेल.