गळसरी आमची, हेरिटेज यांचं

गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका हॉलात प्रदर्शन होतं. दारावर पाटी : ‘आफ्रिकन अँड ट्रायबल कलेक्शन’. म्हंजे अख्खं आफ्रिका खंड आणि आमचा सुरगाण्याचा कोकणा एकाच गोणीत! आत पिवळे बल्ब, अत्तराचा वास, भिंतीवर सुरकुतलेल्या म्हातारीचा भलामोठा फोटो. म्हातारीचं नाव कुठं लिहिलेलं नाही. दुकानाचं नाव मात्र चार ठिकाणी.

धाकटी बहीण बरोबर होती. तिनं साडेआठशे रुपयांना एक जाड, काळपट गळसरी घेतली. चांदीचा पत्ता नाही, नुसता रंग. गळ्यात घालून आरशात बघत राहिली आणि माझं डोकं फिरलं. कारण ही गळसरी आमच्या घरातून एकदा बाहेर पडलेली आहे.

दोस्तहो, १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते आपल्यातल्या किती पुरुषांनी वाचलंय? लुगडं नेसायची तुमची तऱ्हा, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या, कोपरापर्यंतच्या कथलाच्या नि चांदीच्या गोठ-पाटल्या, ह्या तुमच्या अस्पृश्यपणाच्या खुणा आहेत, टाका त्या, असं त्यांनी बजावलं. मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला मढ्याची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले होते. दागिना म्हंजे आमच्या बायांची वर्दी. लांबूनच जात ओळखू यावी म्हणून अंगावर चढवलेली. केरळात पुलया बायांना दगडी मण्यांच्या माळांची सक्ती होती. १९१५ साली कोल्लमला अय्यनकालींच्या सभेत बायांनी त्या माळा तोडून ढीग घातला.

आमच्या पणजीनं ढीग नाही घातला, मोडीत घातलं. आजी सांगायची, काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला त्या साली, १९३० ला, पणजी अंगावरचं सगळं फडक्यात बांधून सराफाकडं गेली. सराफानं घट धरली, भाव पाडला, वर पैसे लांबून टाकले. त्याच पैशांची बाजरी आली. आणि बाई मोकळ्या मनगटांनी रामकुंडावर जाऊन उभी राहिली.

हे सगळं मी बहिणीला रिक्षात ऐकवलं. आवाज चढवून. ती म्हणाली, ‘‘दादा, पणजीला घालायला लावत होते. मला कोण लावतंय? मला आवडली, मी घेतली. आता काय घालायचं ते तू ठरवणार का?’’

च्यायला, बरोबर होतं तिचं. मनू गेला आणि दादा आला!

पण मग भांडण कुणाशी? ब्लॅक पँथरवाल्यांपुढं हाच पेच होता. ज्यांच्या नावावरून १९७२ ला इथं दलित पँथर उभी राहिली तेच हे. त्यांच्या काळात अमेरिकेतली काळी पोरं डाशिकी घालायला लागली, केस वाढवायला लागली. आमचं रूप आम्ही लपवणार नाही, हा त्यातला अर्थ मोठाच होता. पण सदरा बदलला म्हणून क्रांती झाली असं समजणाऱ्यांची पँथर पक्षानं भरपूर टर उडवली. कारण डाशिकी घालून घरमालक काळ्या भाडेकरूला लुटू शकतो.

त्या हॉलातली ‘आफ्रिकन’ छापाची जाकिटंच घ्या. मेणछाप कापड. जावाच्या बाटिकची नक्कल डच कारखानदारांनी यंत्रावर केली आणि पश्चिम आफ्रिकेत खपवली. त्यातली व्हिलिस्को ही डच कंपनी १८४६ पासूनची. त्या छापांना नावं दिली, बाजार हातात ठेवला तो टोगोच्या लोमेतल्या व्यापारी बायांनी. मर्सिडीज घेतल्या त्यांनी, म्हणून लोक त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणायचे. बुर्किना फासोत थॉमस संकारानं तर १९८३ ते ८७ च्या आपल्या राजवटीत सरकारी नोकरांना देशी हातमागाचं सुती कापड, फासो दान फानी, घालायला लावलं. विणणाऱ्या बायांच्या हातात पैसा जावा म्हणून. मला त्यातली सक्ती खटकते. पण कापडाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न त्याला बरोबर सापडला होता : पैसा कुणाच्या कनवटीला?

आणि आपल्याकडं? जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चप्पल रॅम्पवर चालवली. नाव दिलं चामड्याची सँडल. लगेच पांढरपेशांची अस्मिता फुरफुरली, ‘‘आपला वारसा चोरला!’’ आपला? ज्यानं कातडं कमावलं, ज्यानं टाके घातले, त्याच्या घरचं पाणी यांच्या आज्याला चालत नव्हतं. चप्पल मिलानला पोचली आणि एका रात्रीत ती ‘आपली’ झाली! २०१९ पासून कोल्हापुरीला जीआयचं संरक्षण आहे, तरी ही गत. मग डिसेंबर २०२५ ला प्राडानं महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी नि कर्नाटकच्या महामंडळाशी करार जाहीर केला. सुमारे दोन हजार जोड, एकेक आठशे युरोच्या घरात. बातमीत युरो होते, करार होता, फोटो होता. टाक्यामागं शिवणाऱ्याला किती, तो आकडा मी शोधत बसलो.

तोच आकडा मी गंगापूर रोडला विचारला होता. ही गळसरी कुणी घडवली? बाई गोड हसल्या. ‘‘आर्टिझन्स.’’ कुठले? ‘‘क्लस्टरकडून येतं.’’ त्यांना किती देता? बाईंचं हसू गेलं. ‘‘तुम्ही प्रेसवाले आहात का?’’

त्यांचं प्रदर्शन येत्या रविवारी पुन्हा भरतंय. आपण जायचंय. काचा फोडायच्या नाहीत, उगाच पोलिसांना काम नको. वीस-पंचवीस जणांनी रांगेत उभं राहायचं, एकेक वस्तू उचलायची आणि तीनच गोष्टी विचारायच्या : करणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याला मिळालेली रक्कम. बिलावर लिहून द्या म्हणायचं. लिहून मिळेस्तोवर रांग हलवायची नाही.

बहीण येणार आहे. गळसरी घालून.