चाक डोलते, दुखणे कुठे?

जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात पुढचे चाक थरथरते म्हणून ट्रक आला की पहिला उपाय ठरलेला: रिमवर शिशाचे वजन बसवायचे. स्टीअरिंग शांत होते. मकराण्याचा संगमरवर घेऊन गाडी आग्ऱ्याकडे निघते आणि काही दिवसांत थरथर पुन्हा हजर!

मालक वजन बसवणाऱ्यावर चिडतो. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याची चूक नसते. टायरच्या आत पाणी राहिले असेल, तर ते जागा बदलत राहते. आज साधलेला तोल उद्या बिघडतो. रिमला चिकटलेला चिखल वाळून गळला तरी तेच. करकचून ब्रेक लावल्याने टायर एका जागी सपाट झाला असेल, रिम वाकली असेल किंवा बेअरिंग, किंगपिन झिजले असेल, तर शिसे तरी काय करणार?

मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. वाकडेपणा डोळ्यांना दिसतो. वर-खाली धरून हलवले की ढिलाई कळते.

सहाचाकी ट्रकला मागे ४ चाके, पुढे २च. मागचे एक फुटले तर जोडीचे चाक थोडा वेळ भार पेलते. पुढचे भरधाव फुटले, तर गाडी हाताबाहेर जाते. म्हणून रिमोल्ड टायर पुढे लावण्याची काटकसर नकोच. ‘हाताला थरथर लागते’ असे चालकाने सांगितले, की गाडी त्याच दिवशी उभी करावी. माल उशिरा पोहोचला तर व्यापारी रागावेल, एवढेच. घरी चालकाची मुले वाट पाहत असतात.