डकोटा भाषेची कन्या

एखाद्या समाजाची भाषा दोन प्रकारांनीं लिहून ठेवतां येते. बाहेरचा पंडित येतो, शब्द वेंचतो, व्याकरणाचे नियम बसवितो आणि आपल्या विद्यापीठाकडे परत जातो. दुसरा प्रकार अधिक अवघड आहे. कारण त्यांत लिहिणारें माणूस त्याच घरचें असतें, आणि ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांच्यांतच त्याला पुढें आयुष्य काढावयाचें असतें. ह्या दुसऱ्या प्रकारच्या एका विदुषीचा परिचय ह्या महिन्यांत वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे. त्यांचें नांव एला डेलोरिया.

अमेरिकेंतील साउथ डकोटा संस्थानांत, यँक्टन लोकांच्या राखीव प्रदेशांत, ३१ जानेवारी १८८९ रोजीं एलाबाईंचा जन्म झाला. गोरे लोक ज्यांना 'सू' म्हणत, त्या मूळ रहिवाशांपैकीं हें घराणें. वडील फिलिप डेलोरिया हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्यांचें ठाणें स्टँडिंग रॉक प्रदेशांतील वाकपाला येथें होतें. घरांत यँक्टन बोली, शेजारीं टीटन लोकांची बोली आणि शाळेंत इंग्रजी, अशा तीन प्रवाहांत ही मुलगी वाढली. पहिल्या बोलींत जेथें 'ड' येतो तेथें दुसरींत 'ल' येतो. 'डकोटा' आणि 'लकोटा' हीं एकाच नांवाचीं दोन रूपें होत.

काळ मोठा कठीण होता. एलाबाई दोन वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तोंच डिसेंबर १८९० मध्यें वुंडेड नी येथें अमेरिकन सैन्यानें लकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली. १८७९ सालीं निघालेल्या कार्लाइल येथील शाळेच्या धर्तीवर ठिकठिकाणीं वसतिशाळा चालत, आणि तेथें मुलाच्या तोंडून स्वभाषेचा शब्द निघाला तर त्याला शिक्षा होई. अशा वेळीं आपलीच भाषा अभ्यासाचा विषय होऊं शकते, हा विचार एलाबाईंना भेटला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत. तेथें १९१५ सालीं त्या पदवीधर झाल्या, आणि तेथेंच मानववंशशास्त्राचे आचार्य फ्रान्झ बोआस ह्यांच्याशीं त्यांची गांठ पडली. जुन्या लकोटा कथांचे कागद उलगडून सांगणारें माणूस बोआस ह्यांना हवें होतें. मध्यंतरीं कांहीं वर्षें शिक्षिकेचें काम केल्यावर १९२७ पासून एलाबाईंनीं हें संशोधन पुन्हां हातीं घेतलें, तें अखेरपर्यंत.

त्यांचें पहिलें मोठें पुस्तक 'डकोटा टेक्स्ट्स' १९३२ सालीं निघालें. वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या ६४ कथा त्यांत मूळ भाषेंत, इंग्रजी भाषांतरासह व टिपांसह दिल्या आहेत. १९४१ सालीं बोआस व डेलोरिया ह्या दोघांच्या नांवानें 'डकोटा ग्रॅमर' प्रसिद्ध झालें. आज्ञार्थीं वाक्याच्या अखेरीस पुरुष जो शब्द लावतो तो स्त्री लावीत नाहीं. पुरुष थोरल्या भावाला ज्या नांवानें हांक मारतो, त्याच भावाला बहीण निराळ्याच नांवानें हांक मारते. असले बारकावे जिला बाळपणापासून कानांत मिळाले, तिच्याच हातून ते बिनचूक उतरले.

परंतु बाईंचा खरा कस लागला तो एका वादांत. पाइन रिज येथें राहिलेले डॉक्टर वॉकर ह्यांनीं १९१७ सालीं ओग्लाला लोकांच्या सूर्यनृत्यावर ग्रंथ लिहिला होता, व त्यांत देवदेवतांच्या कथांची मोठी रचलेली मालिका दिली होती. त्या कथांची शहानिशा बोआस ह्यांनीं एलाबाईंकडे सोंपविली. बाईंनीं वृद्धांना गांठून विचारलें. त्यांपैकीं पुष्कळ कथा कोणी ऐकलेल्याच नव्हत्या. बाईंनीं तसें स्पष्ट कळविलें. गुरूचें समाधान झालें नाहीं. पुन्हां शोध घेण्याविषयीं त्यांचा आग्रह पडला. ज्यांच्या शिफारशीवर आपली तुटपुंजी मिळकत अवलंबून, त्यांना रुचेल असें उत्तर देण्याचा मोह कोणालाही झाला असता. बाईंनीं मात्र जें आढळलें तेंच पुन्हां लिहिलें. लोकांनीं न सांगितलेली गोष्ट लोकांच्या नांवावर घालणें त्यांना मान्य नव्हतें.

ह्या निष्ठेचें मूळ डकोटा लोकांच्या नातेधर्मांत आहे. १९४४ सालच्या 'स्पीकिंग ऑफ इंडियन्स' ह्या पुस्तकांत बाईंनीं तो मोठ्या रसाळपणें समजाविला आहे. 'माय मरो पण मावशी जगो' असें आपण म्हणतों. डकोटा भाषेंत तर मावशीला 'आई'च म्हणतात, आणि चुलत्याला 'बाप'. त्यांचीं मुलें सख्खीं भावंडेंच ठरतात. मामा व आत्या ह्यांना मात्र निराळे शब्द आहेत. जांवई व सासू ह्यांनीं एकमेकांशीं थेट बोलावयाचें नाहीं, आणि त्यांत वैर नसून आदर आहे. ज्यांनीं सासऱ्यासमोर न बोलणाऱ्या आज्या पाहिल्या आहेत त्यांना हें वेगळें सांगावयास नको. नातें सांगणारा प्रत्येक शब्द एक कर्तव्यही सांगतो, हें ह्या सगळ्याचें सार.

म्हणूनच संशोधनास जातांना रिकाम्या हातानें जाणें त्यांना शक्य नव्हतें. १९३२ सालच्या एका पत्रांत त्यांनीं बोआस ह्यांना हें समजावून सांगितलें आहे: आपण नात्यांतल्या, भेट न देतां, जेवूं न घालतां लोकांना नुसते प्रश्न विचारीत बसलों, तर आपण परक्या ठरूं. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकांत बसत नसे. शिवाय वृद्ध वडिलांची शुश्रूषा व धाकट्या बहिणीचा सांभाळ त्यांच्याकडेच होता. डॉक्टरेट नसल्यामुळें कायमची जागाही त्यांना मिळाली नाहीं. उतारवयांत त्या कोशाच्या कामास लागल्या. तें पुरें होण्यापूर्वींच १२ फेब्रुवारी १९७१ रोजीं त्या निवर्तल्या. 'वॉटरलिली' ही त्यांची कादंबरी १९८८ सालीं, मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं छापली गेली.

जिच्या शब्दांबद्दल मुलांना शिक्षा होत असे, त्या व तशा इतर भाषांचें रक्षण हें धोरण म्हणून अमेरिकेनें १९९० सालच्या कायद्यानें मान्य केलें. २०२२ ते २०३२ हें दशक तर संयुक्त राष्ट्रांनीं जगांतील मूळ रहिवाशांच्या भाषांसाठीं योजिलें आहे. पण कायद्यानें भाषेला बंदी उठते, बोलणारें तोंड मिळत नाहीं. तें घरांतच तयार व्हावें लागतें. आपल्या घरांतही काका, मामा, मावसा, आतोबा हे सारे हळूहळू एका 'अंकल'मध्यें मिळून जात आहेत. शब्द वांचविणें हें एरवीं मोठ्या विद्वानांचें काम वाटतें. परंतु घरीं आलेल्या पाहुण्याला मुलानें कोणत्या नांवानें हांक मारावी, आणि त्या नांवाबरोबर त्याचें आपल्यावर काय देणें लागतें, हें सांगावयास आजी, आई किंवा काकू पुरे होतात.