जोखीम आमच्यावर, तर हिशोबही आमच्यासमोर: जालना जिल्ह्यातील वीजग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग
मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय: वीजबाजारातील चढउतार, ग्रीडमधील बिघाड आणि परदेशातील घडामोडी यांचा जो भार जिल्ह्यावर पडतो त्याचा अभ्यास, हिशोब आणि न्याय्य वाटणी करण्याबाबत.

महोदय,

आम्ही जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतील वीजग्राहक एका संघटनेत एकत्र आलो आहोत. आमच्यात मोसंबी आणि कपाशीचे शेतकरी आहेत, भट्टी आणि रोलिंग मिलवाले आहेत, बियाणे प्रक्रिया करणारे आहेत, जिनिंगवाले, पिठाची गिरणी चालवणारे आणि घरगुती ग्राहकही आहेत. शेतीच्या स्वस्त विजेचा बोजा कारखान्यावर पडतो, आणि कारखान्याच्या सवलतीमुळे शेतीला पैसा उरत नाही, असे आम्हाला नेहमी एकमेकांविरुद्ध सांगितले जाते. आम्ही एकत्र बसून बिले, आदेश आणि अधिसूचना वाचल्या. त्यातून आमचे एकमत झाले की दोघांचेही दुखणे एकच आहे: विजेच्या निर्णयांत आम्हाला जागा नाही, पण त्या निर्णयांतली जोखीम मात्र शेवटी आमच्याच बिलावर आणि आमच्याच डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) येऊन पडते.

जिल्ह्याची गरज

जालना पोलादाचे शहर आहे. येथील इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळई बनते. एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. कच्च्या मालानंतर सर्वांत मोठा खर्च विजेचाच असतो. हीट (लोखंडाची एक वितळण) चालू असताना पुरवठा बराच वेळ तुटला की लोखंड भट्टीत थिजते, अस्तर खराब होते आणि पाळीच वाया जाते. बियाण्यांचे गावही हेच आहे. महिको या बियाणे कंपनीची सुरुवात 1964 साली येथेच झाली. बियाण्यांच्या शीतगृहाला वारंवार खंडित होणारी वीज परवडत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. पण तळ्यात पाणी असूनही मोटार चालली नाही तर ठिबक कोरडेच राहते.

तीस वर्षांनी शिकवलेले चार धडे

पहिला धडा दाभोळचा. राज्य वीज मंडळाने 1993 साली एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. इंधन परदेशी, दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच. पुण्याच्या ‘प्रयास’मधील अभ्यासकांनी 1995 सालीच या कराराचे आकडे मांडून धोका दाखवला होता. मे 2001 मध्ये मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले. अभ्यास वेळेवर झाला होता, पण निर्णय घेणाऱ्यांनी तो वेळेवर वाचला नाही.

दुसरा धडा 30 आणि 31 जुलै 2012 चा. बिना ते ग्वाल्हेर या वाहिनीवर अतिभार आला, ती तुटली आणि उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही ग्रीड बंद पडली. पश्चिम ग्रीड वाचले म्हणून महाराष्ट्रात दिवे राहिले. पुढे 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रीडही जोडले गेले आणि देशभर एकच वारंवारता झाली. यामुळे दूरची स्वस्त वीज आपल्यापर्यंत येऊ लागली, आणि दूरचा बिघाडही येऊ शकतो.

तिसरा धडा 12 ऑक्टोबर 2020 चा. मुंबई महानगराची वीज गेली आणि लोकल थांबल्या. संकटात शहराचे ग्रीड वेगळे काढून चालू ठेवण्याची व्यवस्था त्या दिवशी अपुरी पडली. 2021 मध्ये ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या संस्थेने चीनशी संबंधित गटाने भारतीय वीजयंत्रणेत घुसखोरीचे प्रयत्न केल्याचा अहवाल दिला. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण काहीही असो, वीजयंत्रणा आता देशाच्या सुरक्षेचा भाग झाली आहे.

चौथा धडा 2022 चा, आणि आमच्या जिल्ह्याला तोच सर्वांत महागात पडला. जानेवारीत इंडोनेशियाने कोळशाची निर्यात थांबवली. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आयात कोळशाचे भाव गगनाला भिडले. त्यातच मार्चपासून उन्हाळा तापला. वीज बाजारात दर युनिटला 20 रुपयांवर गेल्यावर केंद्रीय विद्युत नियामक आयोगाला एप्रिलमध्ये 12 रुपयांची मर्यादा घालावी लागली. पुढच्या वर्षी ती 10 रुपयांवर आली. राज्यात भारनियमन सुरू झाले. मुंद्र्याच्या आयात कोळशावरील प्रकल्पातून वीज घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि 5 मे रोजी केंद्राने वीज कायद्याच्या कलम 11 खाली अशा प्रकल्पांना पूर्ण क्षमतेने चालण्याचे आदेश दिले. या साऱ्याचा खर्च पुढे इंधन समायोजन आकाराच्या रूपाने बिलात उतरतो. युद्ध काळ्या समुद्राच्या काठी झाले, पण त्याचा हप्ता परतूरच्या गिरणीवाल्यानेही भरला.

या चारही प्रसंगांत निर्णय दूर झाले आणि परिणाम येथे झाले. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

मागणी 1: फीडरनिहाय पुरवठ्याची नोंद खुली करा

वीज किती वेळ गेली, व्होल्टेज किती होते, डीपी किती दिवसांत बदलली, हे आकडे फीडरनिहाय (वीजवाहिनीनिहाय) दर महिन्याला मराठीत जाहीर व्हावेत आणि ग्रामपंचायतीत लावावेत. ‘प्रयास’ने घराघरांत नोंदणी यंत्रे बसवून मिनिटामिनिटाच्या व्होल्टेजची नोंद ठेवता येते हे दाखवून दिले आहे. तशी यंत्रे जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात निवडक गावांत स्वतंत्र संस्थेमार्फत बसवावीत. वीजग्राहक हक्क नियम 2020 प्रमाणे सेवेचा दर्जा न पाळल्यास भरपाई आपोआप मिळायला हवी. नोंदच खुली नसेल तर भरपाई कशाच्या आधारावर मागायची?

मागणी 2: थकबाकीदार फीडरवरच्या प्रामाणिक ग्राहकाला शिक्षा नको

भारनियमन करताना फीडरची गळती आणि वसुली पाहून गट पाडले जातात आणि शेवटच्या गटांत सर्वाधिक कपात होते. वसुलीसाठी हे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. वेळेवर बिल भरणारा दवाखाना, शाळा किंवा शिलाईचे यंत्र चालवणारी महिला शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगते. फीडरवर आणि डीपीवर मीटर बसवून गळती नेमकी कुठे आहे ते शोधावे. टंचाईच्या काळात पाणीपुरवठा, दवाखाने आणि शीतगृहे यांची प्राधान्य यादी जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हाळ्याआधीच जाहीर करावी.

मागणी 3: शेतीला दिवसा वीज, आणि शेतीच्या वापराचा खरा आकडा

आठवड्याच्या पाळीने रात्री येणारी थ्री-फेज वीज म्हणजे साप, विंचू, बिबट्या आणि हिवाळ्याची थंडी अंगावर घेऊन दारे धरणे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांवर चालवण्याचा कार्यक्रम आहे, आणि ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. ती दिशा योग्य आहे. आमची मागणी एवढीच की जिल्ह्यातील कोणते फीडर कोणत्या महिन्यात सौरवर येणार याचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी ग्रीडची वीज राखून ठेवावी.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून मोफत वीज आहे. तिचे पैसे शासनाने वीज कायद्याच्या कलम 65 प्रमाणे आगाऊ द्यावेत. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो फुगवून त्याआड गळती झाकली जाते हा आक्षेप ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घेत आहेत. शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज लिहिली गेली तर त्याचा भार कारखान्याच्या दरावर येतो आणि बदनामी शेतकऱ्याची होते. म्हणून डीपीच्या पातळीवरचे मोजमाप सक्तीचे करावे.

मागणी 4: दराला स्थैर्य आणि सुनावणी जालन्यात

आयोगाने 28 मार्च 2025 रोजी बहुवार्षिक दरआदेश दिला. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि 25 जून रोजी पुनर्विलोकनाचा आदेश आला. तीन महिन्यांत दराचे गणित दोनदा बदलले, तर भट्टीवाल्याने सळईचा सौदा कोणत्या भावाने करायचा? दराच्या आदेशात मोठा बदल करताना सार्वजनिक सुनावणी अनिवार्य असावी. याचिका मराठीत पूर्ण उपलब्ध व्हावी आणि किमान एक सुनावणी जालन्यात घ्यावी.

मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांसाठी 2016 साली सुरू झालेली वीजदर सवलत मोठ्या वापरकर्त्यांकडेच एकवटते, असा आक्षेप घेतला गेला. आम्ही त्यापासून तोंड फिरवत नाही. सवलत कोणाला किती मिळाली याची यादी दरवर्षी जाहीर करावी आणि लहान उद्योगांचा वाटा निश्चित करावा.

मागणी 5: लहान उद्योगांना वीज बाजाराची दारे उघडा

केंद्राच्या 2022 च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनुसार 100 किलोवॉटच्या ग्राहकालाही बाहेरून अक्षय वीज घेता येते. कागदावरच्या या हक्काआड अधिभार, मोजणीची यंत्रणा आणि परवानगीचा विलंब उभा राहतो. लहान मिल आणि बियाणे केंद्रांना गटाने अर्ज करता यावा यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात एक खिडकी ठेवावी आणि अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत द्यावा.

जालन्यात भंगारापासून बनणाऱ्या सळईतील कर्बभाराचा मोठा हिस्सा विजेचा असतो. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. युरोपीय संघाने पोलादावर सीमेवरच कर्बशुल्क लावण्याची व्यवस्था आणली आहे. स्वच्छ वीज मिळाली तर या बदलत्या बाजारात जालना पुढे राहील. ती वेळेत मिळाली नाही, तर आपला माल मागे पडेल.

मागणी 6: आयातीवरचे अवलंबित्व मोजा आणि कमी करा

कोळशावरचे अवलंबित्व कमी करताना दुसरे परावलंबन पदरी घेऊ नये. सौर पटलांच्या जागतिक निर्मितीत चीनचा वाटा प्रत्येक टप्प्यावर 80 टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने नोंदवले आहे. बॅटरीच्या सेलची स्थितीही फारशी वेगळी नाही. डीपीच्या गाभ्यात लागणारे विशेष विद्युत पोलाद नाशिकला बनते, तरी देशाच्या गरजेचा बराच भाग आयात होतो. घनसावंगीत ऐन हंगामात जळलेली डीपी लवकर बदलून मिळणे हेही त्या आयातीशी बांधलेले आहे. म्हणून जिल्ह्यात ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीची क्षमता वाढवावी, हंगामापूर्वी पुरेसा राखीव साठा ठेवावा आणि प्रत्येक नव्या दीर्घ करारासोबत इंधन, चलन आणि सुट्या भागांच्या जोखमीचे स्वतंत्र परीक्षण प्रसिद्ध करावे. 2015 साली परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यातील कोणत्याही प्रकल्पासाठी पाण्याची जोखीम याच परीक्षणात मोजावी.

मागणी 7: जालन्यात ऊर्जा अभ्यास कक्ष

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यात आहे आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. या दोन संस्थांच्या सहकार्याने वीजबाजार, ग्रीड आणि इंधनाच्या जागतिक घडामोडींचा जिल्ह्याच्या दृष्टीने अभ्यास करणारा कायम कक्ष उभारावा. दर सहा महिन्यांनी त्याने मराठीत अहवाल द्यावा: बाजारात दर कसे चालले आहेत, उन्हाळ्यात टंचाईची शक्यता किती, संध्याकाळचा भार कशाने भागेल. सूर्य मावळल्यावर राज्याचा भार कोयनेच्या जलविद्युतीने आणि कोळशाने पेलावा लागतो. त्या वेळी आमची भट्टी थांबवणे किंवा चालवणे यातला फरक किती रुपयांचा आहे, हे आम्हाला अंदाजाने नाही, आकड्याने कळले पाहिजे.

आमची बांधिलकी

मागण्यांसोबत आम्हीही जबाबदारी घेतो. आमचे शेतकरी सदस्य पंपाला कपॅसिटर बसवतील आणि ऑटो स्विच काढतील. लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपी जळते, हे आम्हाला ठाऊक आहे. भट्टी आणि मिलचे सदस्य शक्य तेवढ्या पाळ्या दिवसाच्या सौर तासांकडे वळवतील आणि ग्रीडमधील विद्युत प्रदूषण आटोक्यात ठेवण्याची उपकरणे बसवतील. वीजचोरीला संघटना पाठीशी घालणार नाही. थकबाकीच्या वादात ग्राहकाची बाजू खरी असेल तेथे आम्ही तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपालांकडे जाऊ. ती खरी नसेल तेथे बिल भरायला सांगू.

विनंती

मागणी 1, 2 आणि 4 साठी नवा निधी किंवा नवा कायदा फारसा लागत नाही. त्यांची अंमलबजावणी येत्या उन्हाळ्यापूर्वी सुरू करावी. मागणी 3, 5, 6 आणि 7 साठी कालबद्ध कार्यक्रम जाहीर करावा. या सर्वांवर चर्चा करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात शेतकरी, उद्योजक आणि घरगुती ग्राहक यांच्या प्रतिनिधींसह बैठक बोलवावी आणि तिचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे.

परदेशातील युद्ध, बाजारातील दर आणि दूरच्या वाहिनीतला बिघाड आमच्या हातात नाहीत, आणि ते शासनाच्याही पूर्ण हातात नाहीत. मात्र त्यांचा भार कोणावर किती पडावा, आणि तो ठरवताना ज्याच्यावर पडतो त्याला विचारावे की नाही, हे सर्वस्वी आपल्या हातात आहे. भार उचलायला आम्ही नकार देत नाही. त्याचे मोजमाप आणि निर्णय आमच्यासमोर व्हावेत, हा आमचा हक्क आहे.

आपले,
जालना जिल्ह्यातील वीजग्राहक संघटनेचे सर्व सदस्य
स्थळ: जालना