मार्गदर्शनाचा देखावा आणि बांधकाम मजुरांच्या मुलांचा हक्क

दरवर्षी १५ सप्टेंबर रोजी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जयंतीनिमित्त देशभर ‘अभियंता दिन’ साजरा होतो. बंगळुरूमध्ये या दिवसाला अर्थातच विशेष महत्त्व असते. पुतळ्यांना हार घातले जातात, भाषणे होतात आणि शाळकरी मुलामुलींना उपदेश केला जातो: ‘तुम्हीही विश्वेश्वरय्या व्हा!’ उपदेश करणाऱ्यांत मंत्री असतात, बांधकाम व्यवसायातील बडी मंडळी असतात, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांचे चालकही असतात. अलीकडे या उपदेशाला ‘मेंटॉरिंग’ असे नवे नाव मिळाले आहे. वास्तुकला, अभियांत्रिकी व बांधकाम या क्षेत्रांतील जाणकारांनी आठवड्यातून तासदोन तास शाळेत जावे, आठवी ते दहावीच्या मुलांना नकाशे व प्रतिकृती दाखवाव्यात, एखाद्या इमारतीची सहल घडवावी, ‘मोठी स्वप्ने पाहा’ म्हणून सांगावे, आणि एवढ्याने गोरगरिबांची मुले अभियंते होतील, असा हा सिद्धांत आहे.

या सिद्धांताला केंद्र सरकारची राजमान्यता आहे. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांमधून ‘अटल टिंकरिंग लॅब’ उघडल्या; २०१७ मध्ये त्यांच्यासाठी ‘मेंटॉर इंडिया’ नावाची मोहीम काढून विनावेतन मार्गदर्शक नेमण्यास प्रारंभ केला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के ‘सामाजिक उत्तरदायित्वा’वर खर्च करावयाचे असतात, त्यातूनही शाळांमध्ये असे उपक्रम चालतात. आपला रविवार खर्ची घालून मुलांना शिकविणाऱ्या तरुण अभियंत्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न धोरणाचा आहे. जे देणे शासनाचे व मालकवर्गाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते बुडवून त्याच्या जागी सदिच्छेचे दोन तास ठेवले जात आहेत काय, हा तो प्रश्न होय.

विश्वेश्वरय्या कसे घडले?

ज्यांचे नाव घेऊन हा उपदेश चालतो, त्यांचेच उदाहरण घेऊ. विश्वेश्वरय्यांचा जन्म मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी निर्वाह केला आणि १८८१ मध्ये बी. ए. पदवी मिळविली. पुढचा मार्ग खुंटलाच असता. तो मोकळा केला म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने. त्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सरकारी सायन्स कॉलेजात आले. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ कर्मचारी तयार करावयास उघडलेल्या वर्गातून ही संस्था वाढली होती. १८८३ मध्ये ते तेथून अभियंता होऊन बाहेर पडले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सरकारी नोकरीवर रुजू झाले.

सरकारी शिष्यवृत्ती, सरकारी महाविद्यालय, सरकारी नोकरी! या तीन पायऱ्यांपैकी आज पुतळ्याला हार घालणारे किती पायऱ्या शाबूत ठेवीत आहेत? स्वतः विश्वेश्वरय्यांनी दिवाण असताना १९१७ मध्ये बंगळुरूला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले. इतिहासाची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशाच्या आधाराने वर आलेल्या याच कर्तबगार पुरुषाने ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव वाटा देण्यास ‘गुणवत्ते’च्या नावाने विरोध केला आणि १९१८ मध्ये दिवाणपद सोडले. शिडी चढून गेलेल्याने खालच्याला ‘तू उडी मार’ म्हणून सांगावे, ही परंपरा तेव्हापासूनची आहे. आजच्या मार्गदर्शनाच्या गदारोळात तीच नव्या वेषात उभी आहे.

बांधतो कोण आणि शिकतो कोण?

बंगळुरूचे विधान सौध १९५१ ते १९५६ या काळात सुमारे पाच हजार मजुरांनी उभे केले. त्यांत कैदीही होते. त्या इमारतीवर ‘सरकारचे काम म्हणजे देवाचे काम’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. ती कोरणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र कोठे नाहीत. आज या शहरातील काचेचे मनोरे, उड्डाणपूल व मेट्रोचे खांब उभे करणारा मजूर रायचूर, यादगीर, कलबुर्गीच्या दुष्काळी टापूतून येतो. बिहार, झारखंड, ओडिशा व बंगालमधून येतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा संसार असतो. एक इमारत पुरी झाली की बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर हलते आणि मुलांची शाळा तुटते. अशा मुलांसाठी तंबूतल्या शाळा काढण्याची पाळी कर्नाटकात आली, यावरून प्रश्नाची तीव्रता ध्यानात यावी.

या मजुराजवळ ज्ञान नाही काय? काटकोन साधण्यासाठी गवंडी सुताने तीन, चार व पाच फुटांचा त्रिकोण आखतो. नववी-दहावीच्या भूमितीत जे प्रमेय मुलांकडून घोकून घेतले जाते, ते त्याच्या बोटांत असते. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ यांच्या साहाय्याने तो भिंतीचा तोल राखतो. सळई वाकविणारा फिटर नकाशा वाचतो. पण त्याच्या ज्ञानाला प्रमाणपत्र नाही आणि बढतीची वाट नाही. मजूर स्त्रीची अवस्था याहून वाईट. ती घमेले वाहते. वीस वर्षे वाहिल्यावरही तिच्या हाती थापी दिली जात नाही, आणि मजुरीच्या हिशेबात ती ‘हेल्पर’च राहते. हात आणि डोके यांची ही फारकत भांडवलदारी ठेकेदारी पद्धतीची गरज आहे, आणि तिच्यात जातीची जुनी उतरंड बेमालूम मिसळलेली आहे.

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळुरूच्या बाबुसापाळ्य भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि नऊ कामगार मृत्युमुखी पडले. ज्या धंद्यात बाप संध्याकाळी सुखरूप परतेल याची शाश्वती नाही, त्या धंद्याची सोनेरी चित्रे त्याच्या मुलीला दाखवायची आणि बापाच्या डोक्यावरील हेल्मेटविषयी, परातीच्या मजबुतीविषयी अवाक्षर काढायचे नाही, हे कसले मार्गदर्शन?

पैसा आहे, देण्याची दानत नाही

‘सरकारजवळ पैसा कोठे आहे?’ हे ठरीव उत्तर येथे चालणार नाही. बांधकाम मजुरांच्या देशव्यापी चळवळीने झगडून १९९६ मध्ये दोन केंद्रीय कायदे पदरात पाडून घेतले: एक नोकरी व सेवाशर्तींचा, दुसरा उपकराचा. या कायद्यांनुसार बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होऊ लागला. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या प्रत्येक मजुरास नोंदणीचा अधिकार मिळाला आणि मुलांच्या शिक्षणाला साहाय्य हे मंडळाच्या कार्यांपैकी एक ठरले. याला दान म्हणता येत नाही. इमारतीच्या किमतीतून वेगळा काढलेला तो श्रमाचाच अंश आहे.

या पैशाचे काय झाले? १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली आणि मजुरांसाठी म्हणून खर्च झाली ती केवळ सुमारे ९,५०० कोटी. म्हणजे चार रुपयांतील तीन रुपये पडून! जे खर्चले त्यातून लॅपटॉप व कपडे धुण्याची यंत्रे घेतल्याचेही न्यायालयापुढे उघड झाले होते. ज्या मुलीची परीक्षा शुल्काअभावी हुकते, तिच्या नावावरचा हा पैसा.

आणि कर्नाटकात २०२३ मध्ये काय झाले? नोंदित मजुरांच्या मुलांना मिळणाऱ्या शैक्षणिक साहाय्यात राज्य सरकारने जबर कपात केली. उच्च शिक्षण घेणाऱ्या मजूरकन्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. कपातीच्या समर्थनार्थ बनावट कार्डांचे कारण पुढे केले गेले. बनावट कार्डे असतील तर ती जरूर रद्द करा. ती वाटणाऱ्या दलालांना तुरुंगात घाला. पण चोराच्या अपराधासाठी साव विद्यार्थ्याचे हप्ते कापणे हा कोठला न्याय?

केंद्राने तर मुळावरच घाव घातला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या श्रमसंहितांनी १९९६ चे दोन्ही कायदे पोटात घेतले. उपकर किती देणे लागतो, याचा हिशेब आता मालकाने स्वतःच करून भरावयाचा आहे. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घरांना पूर्वी दहा लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती, ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली आहे. कुंपणालाच शेत राखावयास सांगितले आहे! एका हाताने कायद्याचा एक टक्का ढिला करायचा आणि दुसऱ्या हाताने मर्जीतले दोन टक्के उधळून छायाचित्रे काढून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

‘मुलांना आकांक्षाच नाही’ हा कांगावा

यावर असे म्हटले जाते की पैसा हा सर्वस्व नव्हे. गरीब मुलांना माहितीच नसते, समोर आदर्श नसतो, आकांक्षाच नसते. यात सत्याचा अंश आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे मजुराच्या घरात ठाऊक नसते. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते व तिच्यासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, हेही ठाऊक नसते. ही माहिती देणारा माणूस हवाच.

परंतु माहितीच्या दाराआड बाजार उभा आहे. देणगीच्या पैशावर महाविद्यालये काढण्याच्या धंद्यात कर्नाटकने देशात आघाडी घेतली होती. १९८४ मध्ये राज्याला देणगीशुल्कबंदीचा कायदा करावा लागला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात चव्हाट्यावर आले ते वैद्यकीय शिक्षणाचे दर असे: सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, तर परप्रांतीय विद्यार्थ्याला ६०,००० रुपये. कायदे झाले, निकाल झाले, बाजार मात्र उठला नाही. २०२४ मध्ये अभियांत्रिकीच्या सरकारी कोट्यातील जागा अडवून ठेवून नंतर विकण्याचा घोटाळा याच बंगळुरूमध्ये उघडकीस आला आणि अटका झाल्या. वीटभट्टीवरच्या मुलाला रविवारी स्वप्न दाखवायचे आणि सोमवारी त्याच स्वप्नाची जागा लिलावात काढायची! आकांक्षेचा अभाव कोठे आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी वाट आहे

अमेरिकेत १९९४ मध्ये चार्ल्स थॉर्नटन या संरचना अभियंत्याच्या पुढाकाराने माध्यमिक शाळांतील मुलांना वास्तुकला, बांधकाम व अभियांत्रिकीकडे वळविणारा उपक्रम सुरू झाला. आपल्याकडील मंडळी अशा उपक्रमांचे गोडवे गातात. तेथे मार्गदर्शनाच्या जोडीला शिष्यवृत्त्याही दिल्या जातात, एवढे तरी त्यांनी उचलावे. पण तोही उपक्रम उद्योगाला माणसे हवीत म्हणून उद्योगाच्या मर्जीवर चालतो. याउलट ब्रिटनमध्ये १९६४ च्या कायद्याने बांधकाम मालकांवर प्रशिक्षणासाठी सक्तीचा कर बसविला आणि त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. भांडवली देशातही संघटित कामगारांच्या दबावाखाली कायदा काय करू शकतो, याचा हा दाखला.

आपल्याच देशात याहून मोलाचे दाखले आहेत. केरळात १९२५ मध्ये मजुरांनी स्थापलेली उराळुंगल कामगार ठेका सहकारी संस्था आज मोठमोठे रस्ते व पूल बांधते. चवरा येथील बांधकाम प्रशिक्षण संस्थाही तीच चालविते. १९८५ मध्ये माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज व वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी एकत्र येऊन ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली, आणि स्वस्त घरांची विद्या गवंड्यांच्या हाती दिली. खुद्द बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे केंद्र निघाले, आणि तेथील अभियंत्यांनी दाबून केलेल्या मातीच्या विटांचे तंत्र विकसित केले. अभियंता आणि गवंडी यांनी एकमेकांपासून शिकावे, हेच खरे मार्गदर्शन. ते एका दिशेने वाहणाऱ्या उपदेशातून होत नसते.

मागणी कोणती?

म्हणून मार्गदर्शनाला विरोध करण्याची भूमिका चुकीची ठरेल. ते हक्काच्या पायावर उभे करण्याची मागणी केली पाहिजे. उपकराच्या शिल्लक रकमेतून नोंदित मजुरांच्या प्रत्येक मुलामुलीस आठवीपासून पदवीपर्यंत पूर्ण शिष्यवृत्ती व वसतिगृह मिळाले पाहिजे. कपात झालेली रक्कम थकबाकीसह परत मिळाली पाहिजे. सरकारी पॉलिटेक्निक व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रिक्त शिक्षकपदे भरली गेली पाहिजेत. अनुभवी गवंडी, सुतार व फिटर यांना मानधन देऊन शाळांत प्रशिक्षक नेमले पाहिजे. मजूर स्त्रियांना थापी व ओळंबा हाती देणारे सवेतन प्रशिक्षण कामाच्या जागीच सुरू झाले पाहिजे.

कामगार संघटना व विद्यार्थी संघटना यांच्यावरही जबाबदारी येते. साइटवर नोंदणीचा अर्ज भरून घेणारा कार्यकर्ता त्याच वेळी मुलांची इयत्ता विचारतो काय? दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात शेडमध्ये जाऊन कोणी प्रवेशाची तारीख सांगतो काय? कंपनीचा मार्गदर्शक तेथे पोहोचत नाही म्हणून नुसती टीका करून भागणार नाही. तेथे आपण पोहोचले पाहिजे.

विश्वेश्वरय्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या राजवटीने त्यांना स्वप्नांवर व्याख्यान दिल्याची नोंद कोठे आढळत नाही. तिने शुल्क भरले. आजच्या लोकशाही राजवटीने निदान एवढे करावे. आणि ती करीत नसेल तर बंगळुरूच्या प्रत्येक अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्या संघटित शक्तीने तिला ते करावयास भाग पाडावे.