दगडी रोग, अर्धवट औषध आणि वनस्पतींची जोड

गाईम्हशींच्या कासेस होणारी दगडी शेतकरी बंधूंस नवीन नाहीं. परंतु पूर्वीं ज्या सुईनें हटकून गुण येई, तिनें आतां येत नाहीं, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. ह्याचें एक मोठें कारण आपल्याच हातीं आहे.

आमच्या घरचेंच सांगतों. आमच्या लाल कंधारी गाईस दगडी झाली, तेव्हां डॉक्टरांनीं पांच दिवसांचें औषध सांगितलें. दोन दिवसांत सूज उतरली आणि आम्हीं पुढील पैसे वाचविले. महिन्याभरांत रोग उलटला, तेंच औषध लागू पडेना, व एक सड कायमचा गेला. हयातभर सातबारा लिहिला, पण हा हिशेब आम्हांस चुकला.

अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात व त्यांचीच संतति वाढते. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत हाच इशारा दिला होता.

दगडी आणणाऱ्या जंतूंपैकीं स्टॅफिलोकॉकस हा आंत शिरलेलें औषध पंपाप्रमाणें बाहेर फेकूं शकतो. अमेरिकेंतील दारुहळदीच्या एका जातींत जंतुनाशक बर्बेरिनबरोबर हा पंप अडविणारें दुसरें द्रव्यही असतें, असें २००० सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या देशांत क्षयाच्या रिफॅम्पिसिनला मिऱ्यांतील पायपेरिनची जोड देऊन केलेलें औषध २००९ सालीं बाजारांत आलें. पायपेरिनमुळें मूळ औषध रक्तांत अधिक उतरतें. तेव्हां ही जोड केवळ कल्पना नव्हे.

मग कोणी म्हणेल, पाला वाटून लावूं आणि सुई बंद करूं. हें आम्हांस मान्य नाहीं. कांचेच्या नळींत घडतें तें कासेंत घडेलच असें नाहीं. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवितें. तो आरंभींच अवश्य लावावा. परंतु डॉक्टरांनीं सुई सांगितल्यास ती पुरी घ्यावी, व ते सांगतील तितके दिवस दूध विकूं नये.

परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १९७२ पासून कृषि विद्यापीठही आहे. हळद तर शेजारीं वसमतेस मुबलक पिकते. आपल्या संघानें या दोन्ही संस्थांस विनंति करून अशा जोडीची कसोटी आपल्याच गोठ्यांत घडवून आणावी. कसोटीकरितां जनावरें देण्यास आपण मागें राहूं नये, आणि निकाल लागेपर्यंत औषध अर्ध्यावर सोडूं नये, एवढीच आमची विनंति आहे.