मीटरच्या दरात नदीही धरा

उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला की पंचगंगेची बातमी होते. पंचनामा होतो, पाण्याचे नमुने जातात, नोटिसा निघतात. पहिल्या पावसात मासे आणि बातमी दोन्ही वाहून जातात.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला आणि त्यावर अख्खे शहर उभे राहिले. आज हे शहर पंचगंगेच्या काठी असूनही पाण्यासाठी आधी वारणेकडे, मग दूधगंगेकडे हात पसरते. तिथली गावे अडून बसली. आपली नदी घाण करून आमची का मागता, असे त्यांना वाटले तर चुकले कुठे?

दोष एकट्या कापडाचा नाही. कोल्हापूरचे सांडपाणी आहे, साखर कारखाने आहेत. पण कापडाचा वाटा कापडवाल्यांनीच उचलायला हवा. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ चढवतात. कापड रंगवायला प्रोसेसला गेले की तीच खळ धुऊन काढावी लागते. मग कॉस्टिक, ब्लीच, रंग, मीठ. खळ नदीत कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासा गुदमरतो. मीठ तर कुजतही नाही. ते उपशाच्या पाण्याबरोबर शेतात उतरते.

तामिळनाडूतल्या तिरुपूरने हेच भोगले. नोय्यल नदीवर शेतीसाठी बांधलेले ओरतुपालयम धरण रंगाच्या पाण्याचे तळे झाले. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगशाळांना टाळे लावायला सांगितले. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी सामायिक केंद्रे मार्गी लागली, पाणी गाळून आणि मीठ वेगळे काढून पुन्हा वापरात आले. तिथेही सगळे आलबेल नाही. पाणी आटवायला इंधन लागते, गाळ उरतोच. पण रंगाचे पाणी नदीत न सोडताही धंदा चालतो, एवढे तिरुपूरने दाखवले.

पाणी शुद्ध करण्याचा हा खर्च खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचे कापड मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाच्या माथी मारून चालणार नाही. त्याची मजुरी पिकामागे, म्हणजे बाण्याच्या आडव्या धाग्यामागे, पैशांत मोजली जाते. हा खर्च कापडाच्या दरातच हवा, म्हणजे तो व्यापारी, ब्रँड आणि शेवटी आपण गिऱ्हाईक उचलू. मीटरचा भाव काढताना सूत, वीज, मजुरी सगळे धरले जाते. पाणी शुद्ध करण्याचा खर्च तेवढा वगळला जातो, आणि तो आज नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शिरोळचा शेतकरी भरतो.